हिंसा नाकारायची म्हणजे नेमकं काय करायचं: घरातल्या भांडणापासून देशाच्या परराष्ट्र धोरणापर्यंत

हात उचलायचा नाही, हे भांडण पेटल्यावर ठरवता येत नाही. त्या घडीला छाती धडधडत असते आणि समोरच्याचं अर्धं वाक्य कानावर पडताच उत्तर तोंडातून निघतं. काय करायचं ते आधी, डोकं थंड असताना ठरवून, घरच्यांशी बोलून ठेवावं लागतं. सरकारांचंही तेच. संकटाच्या रात्री ज्या तारेवरून निरोप जाणार, ती तार आधी टाकलेली असावी लागते. म्हणून इथे भर आहे तो भांडणाआधीच्या कामावर.

आधी स्वतःचा पारा ओळखा

दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. राग आला की शांत झाल्यावर चार गोष्टी टिपा: वेळ, समोर कोण होतं, त्याआधी झोप-जेवण-दारू यांचं काय झालं होतं, आणि शरीरात पहिली खूण कोणती उमटली. चौथी नोंद सगळ्यात मोलाची. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाचा आवाज चढण्याऐवजी एकदम खाली येतो. मुठी वळणं ही बहुधा शेवटची खूण असते. तिथे सावध होऊ म्हणाल तर उशीर झालेला असतो.

नाडी हे सोपं मोजमाप आहे. जोडप्यांच्या भांडणांचा प्रयोगशाळेत अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की माणसाची ऐकून घेण्याची ताकद ढासळते, आणि शरीर निवायला किमान २० मिनिटं लागतात. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा. २५ किंवा जास्त भरले तर त्या क्षणी कितीही बिनतोड मुद्दा सुचला तरी बोलू नका.

थांबायची रीत

थांबण्याचं वाक्य आधीच ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगा. उदाहरणार्थ: "मी आता थांबतोय. अर्ध्या तासाने, साडेआठला, याच विषयावर बोलू." त्यात थांबणं, परत येण्याची वेळ आणि विषय सोडून देत नसल्याची कबुली, तिन्ही हवं. एक जरी गळलं तरी घोटाळा होतो. वेळ न सांगता निघून गेलात तर समोरच्याला टाकून गेल्यासारखं वाटतं आणि तो मागे येतो. परत येऊन विषयच काढला नाही, तर थांबणं ही पळवाट ठरते; पुढच्या खेपेला तुमच्या वाक्याला कुणी किंमत देत नाही.

त्या अर्ध्या तासात गाडी चालवू नका, दारू घेऊ नका आणि मनात भांडण पुन्हा घोळवू नका. घोळवत राहिलात तर नाडी खाली येतच नाही. चाला, भांडी घासा, कपडे आवरा. उशीवर ठोसे मारून राग बाहेर काढावा, हा सल्ला सर्रास दिला जातो, पण प्रयोगांत असं करणाऱ्यांचा राग वाढलेलाच आढळला. अर्धा तास पुरला नाही तर ठरल्या वेळी येऊन तेवढंच सांगा आणि नवी वेळ द्या.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. भिंतीवर मूठ आपटणं, ताट भिरकावणं, दुसऱ्याचा फोन फोडणं, दारात आडवं उभं राहून वाट अडवणं, ही सगळी हिंसाच आहे. अंगाला हात लागला नसला तरी "पुढचा नंबर तुझा" हा निरोप पोचलेला असतो.

बोलायला बसाल तेव्हा

मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांनी मांडलेली चार टप्प्यांची पद्धत शिकायला सोपी आहे: काय घडलं, मला काय वाटलं, मला कशाची गरज होती, आता माझी विनंती काय. "तू कधीच वेळ पाळत नाहीस" याऐवजी: "आपलं सातला ठरलं होतं, तू आठला आलास. मी काळजीत होते. वेळेचा अंदाज असला की मला बाकीची कामं लावता येतात. उशीर होणार असेल तर निघण्याआधी कळवशील?"

लोक अडखळतात ते दुसऱ्या टप्प्यावर. "मला वाटतं की तू बेजबाबदार आहेस" यात भावना कुठेच नाही, तो आरोपच आहे. "मला वाटतं की..." अशी सुरुवात झाली की पुढे बहुतेक वेळा निवाडाच येतो. चौथ्या टप्प्याची कसोटी अशी, की समोरून "नाही" आलं तर तुम्हाला ते ऐकून घेता येतं का? येत नसेल तर ती आज्ञा होती. सुरुवातीला ही भाषा पाठ केल्यासारखी वाटते. म्हणून आधी किरकोळ विषयांवर सराव करा. जुन्या, खोल जखमेवर पहिला प्रयोग करू नका.

मुलांच्या बाबतीत वेगळा नियम नाही. स्वीडनने १९७९मध्ये पालकांनी मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली. असं करणारा तो पहिला देश. चापटीने मूल त्या क्षणी गप्प बसतं, म्हणूनच ती सवय सुटत नाही. मुलाच्या पदरी मात्र एवढंच पडतं की जो अंगाने मोठा, त्याचं खरं.

मार खाणारे तुम्ही असाल तर

वरची एकही पायरी तुमच्यासाठी नाही. तुमच्या गोड बोलण्याने मारणाऱ्याचा हात थांबेल, ही जबाबदारी तुमची नाहीच. जोडीने समुपदेशनाला बसणंही टाळा; खोलीत बोललेल्या शब्दाचा सूड घरी उगवला जातो. एकट्याने मदत घ्या. गळा आवळला गेला असेल तर मानेवर वळ नसला तरी डॉक्टरांना दाखवा, आणि तो जिवाच्या धोक्याचा इशारा समजा. सोडून जाण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून तयारी गुपचूप करा: कागदपत्रांच्या प्रती, औषधं, थोडे पैसे, दुसरा फोन, आणि विश्वासातल्या एका माणसाशी ठरवलेला एक सांकेतिक शब्द. हिंसा नाकारणं म्हणजे सोसत राहणं नव्हे, हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो आहोत, कारण अहिंसेच्या नावाखाली सर्वाधिक अन्याय याच जागी झाला आहे.

देशाचं धोरण: आधी प्रश्न विचारा

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५च्या सनदेत कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करतं, आणि धमकीलाही. ही दुसरी बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कलम ३३मध्ये वाटा दिल्या आहेत: वाटाघाटी, चौकशी, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालय, प्रादेशिक संघटना. कलम ५१ स्वसंरक्षणाचा हक्क देतं, पण तो सशस्त्र हल्ला झाल्यावर, आणि उचललेली पावलं सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवण्याच्या अटीसह. लष्करी कारवाईची भाषा सुरू झाली की ही कलमं समोर ठेवून विचारा: कलम ३३मधली कोणती वाट, कोणत्या तारखेला, किती दिवस चालून पाहिली? "सगळे उपाय थकले" हे उत्तर तारखांशिवाय स्वीकारू नका.

पहिल्या बातमीवर मत बनवू नका. ४ ऑगस्ट १९६४ रोजी व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसरा हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं. तो झालाच नव्हता. तरी ७ ऑगस्टला अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव केला: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मध्ये तीन दिवस गेले, पण त्या तीन दिवसांत पडताळणी व्हायला हवी होती ती झाली नाही. घरात नाडी मोजतो, तसं इथे पुरावा कुणी पाहिला, स्वतंत्रपणे कुणी तपासला, हे विचारत राहायचं.

थांबायची रीत, दोन देशांमध्ये

सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं ठेवल्यावरून १९६२मध्ये अमेरिकेशी पेचप्रसंग उभा राहिला. तेव्हा मॉस्को आणि वॉशिंग्टनमधले निरोप पोचून उलगडायला कित्येक तास लागत होते. त्यातून २० जून १९६३ला थेट संपर्काचा करार झाला. ती यंत्रणा टेलिफोनची नव्हती, टेलिप्रिंटरची होती. लिहून पाठवलेल्या मजकुरात आवाज चढत नाही, भाषांतर नीट करता येतं आणि उत्तराआधी विचार करायला उसंत मिळते. "साडेआठला बोलू" या वाक्याचं हे मोठं रूप.

अशी व्यवस्था टिकते ती नेमाने वापरल्यामुळे. भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ला एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२पासून दर १ जानेवारीला केंद्रांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. मध्ये कारगिलचं युद्ध झालं, तरी यादी थांबली नाही. तुमच्या देशाचे शेजाऱ्याशी असे कोणते करार आहेत ते शोधा, आणि भांडणाच्या काळात ते मोडायची मागणी पुढे आली की विरोध करा. रागाच्या भरात पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडते.

समोरच्याला माघारीची वाट ठेवा. क्युबातून क्षेपणास्त्रं निघाली, कारण अमेरिकेने बेटावर आक्रमण न करण्याचं वचन दिलं आणि तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढण्याचं गुपचूप मान्य केलं. सगळ्यांदेखत नाक घासायला लावलं असतं तर हे जमलं नसतं.

कोंडी फोडायला लहान पाऊल आपण आधी टाकावं. १० जून १९६३ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जाहीर केलं की इतर देश वातावरणात अणुचाचण्या करत नाहीत तोवर अमेरिकाही करणार नाही. ५ ऑगस्टला चाचणीबंदीचा मर्यादित करार झाला. असं पाऊल चालतं केव्हा? ते आधी जाहीर केलेलं हवं, समोरच्याला तपासता यावं, त्यात स्वतःची सुरक्षा पणाला लागू नये आणि उत्तर लगेच आलं नाही तरी काही काळ ते चालू राहावं. फसतं तेव्हा बहुधा एकच कारण असतं: बाहेर पाऊल टाकायचं आणि घरच्या सभेत त्याच देशाला शिव्या द्यायच्या.

मध्यस्थीला वेळ लागतो हे मनाशी धरून चला. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या बीगल खाडीतल्या बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली डिसेंबर १९७८मध्ये युद्धाच्या उंबरठ्यावर होते. पोप जॉन पॉल दुसरे मध्ये पडले, आणि करार झाला २९ नोव्हेंबर १९८४ला. सहा वर्षं रटाळ बैठका चालल्या, पण युद्ध टळलं.

निर्बंध म्हणजे आपोआप अहिंसा, असं समजू नका. १९९०पासून इराकवर लादलेल्या सर्वंकष निर्बंधांचा मार सामान्य माणसांनी खाल्ला. तिथे संयुक्त राष्ट्रांचं मदतकार्य सांभाळणारे डेनिस हॅलिडे यांनी १९९८मध्ये आणि त्यांच्यानंतर आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २०००मध्ये निषेध म्हणून पद सोडलं. निर्बंधांची मागणी करायचीच असेल तर ते ठरावीक व्यक्ती आणि शस्त्रव्यापारापुरते असावेत, अन्न-औषधांना सूट असावी आणि काय घडलं की ते उठतील हे पहिल्या दिवशी लिहिलेलं असावं.

रस्त्यावर उतरताना आणि पत्र लिहिताना

१९०० ते २००६मधल्या, सत्ता उलथवणं किंवा परकी ताबा हटवणं अशा उद्दिष्टांच्या ३२३ मोहिमांच्या अभ्यासात संशोधक एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांना निःशस्त्र मोहिमांपैकी सुमारे ५३ टक्के यशस्वी आढळल्या, सशस्त्र मोहिमांपैकी सुमारे २६ टक्के. शिस्त मात्र हवी. गांधींनी दांडीयात्रा १२ मार्च १९३०ला सुरू केली, त्याच्या दहा दिवस आधी व्हाइसरॉयला पत्राने कळवून. तुम्हीही मार्ग, वेळ आणि मागणी आधी कळवा. स्वयंसेवक नेमा, ढकललं गेलं तर काय करायचं याची तालीम घ्या, आणि संपण्याची वेळ जाहीर करून त्या वेळी खरंच संपवा. मोर्चे बिघडतात ते बहुधा शेवट ठरलेला नसल्यामुळे.

लोकप्रतिनिधीला पत्र एका पानाचं, एकाच मागणीचं असावं. ठरावाचं नाव किंवा मतदानाची तारीख लिहा, कोणत्या बाजूने मत द्यावं ते लिहा आणि लेखी उत्तर मागा. तीन ते पाच जणांनी वेळ घेऊन भेटणं जास्त उपयोगी. एकाने बोलावं, एकाने टिपून घ्यावं. साचेबद्ध उत्तर आलं तर त्यात ज्या प्रश्नाला बगल दिली आहे तोच प्रश्न, मागच्या पत्राची तारीख घालून, पंधरा दिवसांनी पुन्हा पाठवा. प्रती जपून ठेवा; मतदान झालं की त्यांनी काय लिहिलं होतं आणि मत कुणाला दिलं, हे शेजारी शेजारी ठेवून लोकांना दाखवता येतं.