कापसाचा चुकारा बारा महिने पुरवायचा कसा?

घरखर्चाचे बहुतेक सल्ले महिन्याच्या पगारावर बेतलेले असतात. पगार झाला की इतके बाजूला टाका, इतक्यात किराणा बसवा. यवतमाळ, वाशीम किंवा वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात हा हिशेब लागू पडत नाही. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या तोंडावर येतो, कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, वेच्या-वेच्यानं होळीपर्यंत येत राहतो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. त्यानंतर सहा-सात महिने पैसा फक्त जातो. मधली फट उधारीनं भरली जाते. उधारीची किंमत हाच कित्येक घरांतला सगळ्यात मोठा खर्च असतो, आणि तो कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. त्यामुळं आधी ही फट बुजवायची, भाजीपाल्यातली काटकसर नंतर.

पायरी १ : महिना नको, साल मांडा

शंभर पानी वही घ्या. बारा पानांवर बारा महिने लिहा, सुरुवात ऑक्टोबरपासून. प्रत्येक पानावर डावीकडं येणारा पैसा, उजवीकडं जाणारा. येणाऱ्यात पीक, मजुरी, दूध हे तर लिहाच, पण ठरलेले हप्तेही लिहा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी योजनेचे ६,०००, तेही २-२ हजारांच्या तुकड्यांत. ज्या घरात लाडकी बहीणचे १,५०० येतात त्यांनी ते बाईच्या नावानं वेगळे मांडावेत. भंडारा-गोंदियाकडं कापसाच्या जागी धान येईल. गडचिरोलीत मोहफूल आणि मे महिन्यातला तेंदूपत्ताही येईल.

जाणाऱ्या बाजूला जूनचं पान सगळ्यात आधी भरा. उन्हामुळं विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे वह्या-गणवेश आणि बियाणं-खत एकाच पंधरवड्यात अंगावर येतात. त्यानंतर निंदणाची मजुरी, मग पोळा. पोळ्याच्या सुमारास बहुतेकांचा हात सगळ्यात जास्त आखडलेला असतो. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी अचानक झाल्यासारखं धावपळीचं होतं.

वही भरताना घरातल्या बाईला सोबत बसवा. तेलाचा पिपा किती दिवस जातो हे बाप्यांना सहसा माहीत नसतं. दुकानाच्या खात्यावर पोरं काय काय आणतात, हे तर दोघांनाही माहीत नसतं. एक महिनाभर दहा रुपयांची चिल्लरही लिहा, मग पुढचे अकरा महिने अंदाजानं भरता येतात.

पायरी २ : व्याज कापा, बाकी सगळं नंतर

जूनमध्ये ५०,००० रुपये तीन शेकड्यानं उचलले आणि डिसेंबरात परत केले, तर सहा महिन्यांचं व्याज ९,००० होतं. तीन शेकडा ऐकायला लहान वाटतो, कारण तो महिन्याचा दर आहे. वर्षाचा तो ३६ टक्के. पाच शेकडा म्हणजे ६० टक्के. वर्षभर साखर, चहा, साबण यांत कितीही कंजुषी केली तरी ९,००० वाचवणं अवघड आहे, इथं ते एका सहीत जातात.

याच्या समोर पीककर्ज ठेवून बघा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनं मिळतं. मुदतीत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत आणि वरून राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरून व्याज जवळजवळ शून्यावर येतं. अट एकच, मुदत चुकवायची नाही. कर्जमाफी होईल या आशेवर थांबणारे पुष्कळ आहेत. मला हा जुगार पटत नाही. माफी आली तर तिला अटी असतात, आणि ती येईपर्यंत खातं थकीत पडतं, सवलत जाते, जूनमध्ये बँक नवं कर्ज देत नाही. मग पाय पुन्हा सावकाराच्या ओट्याकडंच वळतात. २०१९च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत नियमित फेडणाऱ्यांनाही ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन दिलं गेलं होतं, हेही लक्षात असू द्या.

चुकारा हातात आल्यावर देणी फेडायचा क्रम असा ठेवा. आधी सावकार, मग आठवड्याच्या हप्त्याचं मायक्रो फायनान्स, मग कृषी केंद्राची बाकी, मग किराणा. पीककर्जाचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी वेगळे काढून मुदतीपर्यंत तसेच ठेवा. सावकार परवानाधारक आहे का, हे विचारायला लाजू नका. २०१४च्या सावकारी कायद्यानुसार परवाना आणि पावती दोन्ही लागतात. अवैध सावकारीत जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडं, म्हणजे सहकार खात्याकडं, अर्ज करता येतो.

व्यापाऱ्याची उचल दिसायला बिनव्याजी असते. पण माल त्यालाच द्यायचा ठरलेला असतो, आणि व्याज मग भावात आणि मापात निघतं. बी-खत उधार घेताना रोखीचा भाव काय, उधारीचा काय, हे दोन्ही विचारून वहीत लिहा. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजेच व्याज.

मजुरीवर चालणाऱ्या घरांना पीककर्जाचा उपयोग नाही. तिथं बचत गट हाच आधार आहे. ‘उमेद’चे (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि ‘माविम’चे (महिला आर्थिक विकास महामंडळ) गट आता बहुतेक गावांत आहेत. आठवड्याला दहा-वीस रुपये जमा होतात, गरजेला साधारण एक-दोन शेकड्यानं कर्ज मिळतं, आणि ते व्याज गटातच राहतं. गटाचं कर्ज दवाखान्यासाठी, शाळेसाठी घ्या. टीव्हीसाठी नको.

पायरी ३ : तूर विकण्याआधी घरची डाळ काढा

हे कलम मी मुद्दाम लांबवतो, कारण शेतकऱ्याच्याच घरात ते दुर्लक्षित राहतं. फेब्रुवारीत सगळी तूर बाजार समितीत जाते आणि पोळ्याला त्याच घरी दुकानातून अर्धा किलो डाळ येते, तीही उधार. पाच माणसांच्या घरात माणशी ४० ग्रॅम धरली तर रोज २०० ग्रॅम, महिन्याला ६ किलो आणि वर्षाला साधारण ७३ किलो डाळ लागते. एक क्विंटल तुरीपासून ७० किलोच्या आसपास डाळ निघते. म्हणजे एक पोतं बाजूला ठेवलं की वर्षाच्या वरणाची सोय झाली.

डाळ भरडायला अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळ मिल कित्येक गावांत कुणीतरी, बहुतेक वेळा बचत गटानं, लावलेली असते. चुनी-भुसी परत मागून घ्या, ती ढोरांना चालते. डाळ कडक उन्हात वाळवा, तेलाचा हलका हात फिरवा आणि कोरड्या, झाकण घट्ट बसणाऱ्या कोठीत भरा. ज्वारी आणि गव्हात कडुनिंबाचा वाळला पाला टाका. मिरची मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची घ्या. भिवापूरकडचे आणि वायगावकडचे लोक मिरची-हळदीच्या बाबतीत नशीबवान, बाकीच्यांनी चार घरं मिळून ठोक आणावी. जवस, तीळ घरचे असतील तर चटणीचा खर्च संपलाच.

रेशन सोडू नका. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो धान्य सध्या फुकट मिळतं. लेक सासरी गेली, सून आली, नातू झाला की नाव काढणं-घालणं लगेच करा आणि सगळ्यांची ई-केवायसी झाली आहे का बघा. एका माणसाचं नाव राहिलं तर वर्षाला ६० किलो धान्य जातं.

किराणा आठवडी बाजाराच्या दिवशी, यादी करून, रोखीनं. पुड्यांचा माल किलोमागं महाग पडतो, चहापत्ती आणि तेलाच्या बाबतीत तर हमखास. शाम्पूची पुडी मात्र कधी कधी बाटलीपेक्षा स्वस्त निघते, म्हणून वजन वाचून भागाकार करायची सवय लावा.

न्हाणीच्या पाण्यावर अंगणात वांगी, वालाच्या शेंगा, दोडका, सांभार (कोथिंबीर) सहज होतो. पावसाळ्यात भाजी महागते तेव्हा तरोटा (टाकळा) आणि धोपा (अळू) धुऱ्यावर असतोच. उन्हाळ्यात वड्या, सरगुंडे, कुरड्या करून ठेवल्या की श्रावणातली निम्मी भाजी घरची. हे सगळं आज्यांना माहीत आहे, सुनांनी फक्त विचारायचं आहे.

पायरी ४ : पानठेल्यावरचा हिशेब

एक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची घोटलेली पुडी, २० रुपयांना धरा. दिवसाला दोन खाणाऱ्याचे वर्षाला १४,६०० रुपये होतात. पीएम किसान आणि नमो योजनेचे मिळून १२,००० येतात, म्हणजे दोन्ही योजना खर्र्यातच गेल्या, वर २,६०० पदरचे. तोंडाच्या कर्करोगाचं तर बोलतच नाही. एकदम सुटत नसेल तर दोनाचा एक करा आणि वाचलेले २० रुपये रोज संध्याकाळी डब्यात टाका. डब्याची किल्ली बायकोकडं द्या, स्वतःकडं ठेवलेली किल्ली आठ दिवसांत हरते.

मोबाईलचा रिचार्ज २८ दिवसांचा असतो, म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा मारावा लागतो. घरात तीन फोन असतील तर ३९ रिचार्ज. चुकाऱ्याच्या वेळी एका फोनला वर्षाचा प्लॅन मारून बाकीचे साध्या, फक्त बोलण्याच्या प्लॅनवर ठेवले तर पुष्कळ वाचतं.

गाडीपेक्षा एसटी बघा. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. तालुक्याला जायचं काम बाईच्या नावावर असेल तर दुचाकीचं पेट्रोल कशाला जाळायचं?

पायरी ५ : वीज आणि सरपण

घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, त्यावरच्या युनिटांचा जवळपास दुप्पट. मीटर १०० च्या आत ठेवणं हेच खरं काम. हिवाळ्यात ते जमतं, एप्रिल-मे मध्ये कूलर ते मोडतो. २०० वॅटचा कूलर १२ तास चालला तर दिवसाला २.४ आणि महिन्याला ७२ युनिटं. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद ठेवा असं सांगणारा माणूस विदर्भातला नसतो, म्हणून तो चालू द्या. पण कूलरच्या गवती ताट्या दर मोसमाला बदला, कूलर खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा आत कोंडते आणि माणूस नुसताच पंखा वाढवत बसतो. सगळे पिवळे बल्ब काढून ९ वॅटचे एलईडी लावा. आंघोळीचं पाणी अंगणातल्या चुलीवर, पऱ्हाट्या-तुराट्यांवर तापवलं तर सिलिंडर लांबतो.

पायरी ६ : दवाखाना आणि लग्न

ही दोन कारणं जमीन विकायला लावतात.

आजार आधी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. मोठ्या आजारासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. भरती होण्याआधी त्या दवाखान्यात योजना लागू आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नाही. बँकेतला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही २-२ लाखांचे, चालू आहेत का हे पासबुकात बघा. हप्ता मे महिन्याच्या शेवटी कापला जातो आणि नेमकं तेव्हाच खात्यात काही नसतं.

लग्नाचा खर्च आकड्यानं बांधा, यादीनं नको. दोन्ही घरांनी आधी एक रक्कम ठरवायची आणि मग बस्ता, मंडप, जेवण त्यात बसवायचं. उलट केलं की यादी वाढतच जाते. पंगतीत एक भाजी आणि एक गोड कमी केलं म्हणून कुणी उपाशी परत गेल्याचं ऐकलं नाही. सामूहिक विवाहाला शासनाचं अनुदान आहे, गावात पुरेशी जोडपी जमत असतील तर तालुक्याला चौकशी करा. कर्ज काढून लग्न करू नका, हे अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनातून सांगत फिरले. त्यांच्या जयंतीला गाव झाडणारे आपण, दोन महिन्यांनी डीजेसाठी उचल घेतो.

पायरी ७ : उरलेला पैसा कुठं ठेवायचा

घरी ठेवलेला पैसा पाहुण्याला दिसतो आणि उसना जातो. चुकारा जमा झाला की त्याच आठवड्यात पीककर्ज आणि खर्चाची रक्कम सोडून बाकीच्याच्या तीन मुदत ठेवी करा. एक जूनच्या पहिल्या आठवड्यात संपणारी, बियाणं आणि शाळेसाठी. दुसरी ऑगस्टमध्ये, निंदण आणि पोळ्यासाठी. तिसरी पूर्ण वर्षाची, तिला हात लावायचा नाही. रक्कम पाच-पाच हजारांची असली तरी चालते. महिन्याला थोडंफार येणारं घर असेल, दुधाचं किंवा लाडकी बहीणचं, तर पोस्टाची आवर्त ठेव १०० रुपयांपासून सुरू होते. लहान मुलगी असेल तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला २५० रुपयांवरही चालू राहतं.

पैसे दुप्पट करून देणारा एजंट गावातलाच, नात्यातलाच असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरी म्हणा. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नसतो. एक टक्का जास्त व्याजासाठी सालभराची कमाई तिथं टाकायची का, हे सही करण्याआधी घरात बोला. आणि बँकेत गेलाच आहात तर प्रत्येक खात्याला, प्रत्येक ठेवीला वारसाचं नाव लागलं आहे का, तेही त्याच दिवशी बघून घ्या.