ईपीएस-९५ चे निवृत्तिवेतन स्वतः कसे मोजावे आणि त्यात बदल कसा मागावा

वागळे इस्टेटमधील किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यातून निवृत्त होताना कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ (ईपीएस-९५) खालील पेन्शनचा आकडा पाहून जो कामगार चक्रावतो, त्याला तो आकडा आला कोठून हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. तो हिशेब आधी स्वतः करावा आणि मगच बदलाची मागणी लिहावी, कारण नुसते 'पेन्शन वाढवा' असे लिहिलेल्या निवेदनाला नेमके उत्तर मिळत नाही.

प्रथम यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) वापरून पीएफचे पासबुक काढावे आणि त्यातील पेन्शनचा रकाना महिन्यागणिक तपासावा. मालकाच्या हिश्शातून वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम येथे जमा होते. वर्गणीसाठी धरायच्या वेतनाची मर्यादा ६५०० रुपये असताना ही रक्कम जास्तीत जास्त ५४१ रुपये होती आणि १ सप्टेंबर २०१४ पासून, मर्यादा १५,००० झाल्यावर, १२५० झाली. आमच्या शेजारच्या काकांच्या पासबुकात २०१६ मधील चार महिन्यांपुढे हा रकाना कोरा होता. त्या महिन्यांत त्यांनी एकही पाळी चुकवली नव्हती, आणि पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेल्या पगाराच्या चिठ्ठ्यांवर पीएफची कपातही स्पष्ट दिसत होती. त्या चिठ्ठ्या नसत्या तर तक्रारीला आधारच उरला नसता, म्हणून त्या कधीही टाकू नयेत.

आता सूत्र पाहू. पेन्शनपात्र वेतनाला (म्हणजे अखेरच्या काळातील वेतनाच्या सरासरीला, तीही वेतनमर्यादेपर्यंतच) सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचे. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. खरी मेख पुढे आहे. ज्यांची सेवा सप्टेंबर २०१४ च्या अलीकडे-पलीकडे पसरलेली आहे, त्यांचा हिशेब दोन तुकड्यांत होतो. समजा, एखादा कामगार सप्टेंबर २००५ मध्ये लागला आणि ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस ५८ वर्षांचा झाला, आणि अखेरच्या पाच वर्षांत त्याचे वेतन १५,००० च्या वरच होते. पहिली ९ वर्षे ६५०० ने गुणून ७० ने भागल्यास सुमारे ८३६ रुपये येतात, नंतरची ९ वर्षे १५,००० ने गुणून सुमारे १९२९; एकूण २७६४ रुपयांच्या आसपास. सगळी १८ वर्षे १५,००० वर मोजली असती तर ३८५७ मिळाले असते. दरमहा जवळजवळ १०९३ रुपयांचा हा फरक निव्वळ मोजणीच्या पद्धतीमुळे पडतो. (सेवा २० वर्षे किंवा अधिक असल्यास दोन वर्षे वाढवून मिळतात, ती या उदाहरणात धरलेली नाहीत.)

२०१४ पूर्वी वेतनाची सरासरी अखेरच्या १२ महिन्यांची काढत, आता ६० महिन्यांची काढतात. त्यामुळे ज्याचा पगार शेवटी शेवटी १५,००० पर्यंत पोहोचला, त्याचे पेन्शनपात्र वेतन खाली येते. जुन्या वर्षांसाठी वर्गणी कमी भरली गेली होती, हा सरकारी युक्तिवाद मला अगदीच निराधार वाटत नाही. पण महागाईशी न जोडलेल्या पेन्शनमध्ये जुनी वर्षे जुन्याच मर्यादेवर गोठवून ठेवणे हा कामगारावर दुहेरी अन्याय आहे, आणि किमान पेन्शन म्हणून ठरवलेल्या १००० रुपयांनी तो भरून निघत नाही.

म्हणून निवेदनात तीनच गोष्टी मागाव्यात: तुकड्यांची मोजणी रद्द करावी, सरासरी पुन्हा १२ महिन्यांची करावी आणि पेन्शनला महागाईची जोड द्यावी. ही योजना केंद्राची असल्यामुळे राज्याच्या मंत्रालयात खेटे घालून उपयोग नाही. निवेदन केंद्रीय श्रम व रोजगार मंत्रालयाला पाठवावे, आणि त्याची प्रत आपल्या खासदारांना तसेच ईपीएफओच्या (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या) केंद्रीय विश्वस्त मंडळावर प्रतिनिधी असलेल्या कामगार संघटनेला द्यावी. कोऱ्या रकान्यासारखी वैयक्तिक तक्रार मात्र यात मिसळू नये. ती ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर किंवा दर महिन्याच्या २७ तारखेला होणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिरात चिठ्ठ्यांच्या झेरॉक्ससह द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नये.