डिग्री चालू असतानाच लॅबमध्ये शिरायचं कसं (पीएचडी डोक्यात असेल तर)

शेवटच्या वर्षाची वाट बघत बसू नका, जमलं तर दुसऱ्याच वर्षी लॅब शोधा. लॅबच्या प्रोफेसरना मेलमध्ये "मला रिसर्चची आवड आहे" एवढंच लिहिलं तर उत्तर येणं अवघड, सगळेच तेच लिहितात, त्यापेक्षा त्यांचा एक पेपर नीट वाचून त्यातल्या एखाद्या आकृतीबद्दल खरंच पडलेला प्रश्न दोन ओळीत विचारा.

बायोलॉजीच्या लॅबमध्ये सुरुवातीला पिपेटच (थोडंसं द्रव मोजून ओढायचं-सोडायचं उपकरण) धरायचंय, कंटाळू नका. ओढताना बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत, मी हे उलटं करायचो आणि पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती बनवायची प्रक्रिया) बिघडलं की एन्झाइमला शिव्या घालायचो! आणि निगेटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या ट्यूबमध्ये, बँड (जेलवर दिसणारी डीएनएची पट्टी) दिसला तर बाकीचं जेल कितीही सुंदर असू दे, तो रिझल्ट धरायचा नाही. वहीत तारीख, लॉट नंबर (केमिकलच्या बाटलीवरचा बॅच नंबर), चुका, सगळं त्याच दिवशी आणि पेनानेच.

तीन लॅबमध्ये दोन-दोन महिने काढण्यापेक्षा एकीकडे वर्षभर टिका, शिफारसपत्रात लिहायला काहीतरी मिळतं. इंटरव्ह्यूत टेक्निकच्या यादीपेक्षा "हा प्रयोग का केला, रिझल्ट उलटा आला असता तर?" यावरच जास्त खोदतात.

आणि हो, गाइड फायनल करण्याआधी त्यांच्या पीएचडीच्या पोरांशी एकदा बोलून घ्या, गाइड समोर नसताना.