फाँडंटचा पैलवान आणि कोल्हापूरचा पाऊस

भाच्याला वाढदिवसाच्या केकवर कुस्तीचा आखाडा हवा होता. खासबाग कुस्ती मैदानाच्या गावातला पोरगा, दुसरं काय मागणार! तांबडी माती म्हणून बिस्किटांचा चुरा आणि थोडा कोको, तेवढं झकास जमलं. पण पैलवान? तो फाँडंटचा, म्हणजे केक सजवायला साखरेचा जो मऊ गोळा मळतात त्याचा. जुलैतली हवा, बाहेर चार दिवसांची झड. रात्री ताठ उभा केलेला गडी सकाळी गुडघ्यात वाकलेला, अंगाला चिकट घाम. मी घाईनं फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर तर पार ओलाचिंब झाला. सासूबाई म्हणाल्या, "हा कुस्ती हरलाच गं."

चूक माझीच. फाँडंट म्हणजे जवळजवळ सगळी साखर, ती हवेतलं पाणी ओढते. आणि गार वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर दव धरणारच.

दुसऱ्या खेपेला २५० ग्रॅम फाँडंटमध्ये १ छोटा चमचा सीएमसी पावडर (फाँडंटला ताठ करणारा खाण्याचा डिंक) मळली. हाताला पिठीसाखरेऐवजी कॉर्नफ्लोअर लावलं. पायांत कच्ची स्पगेटी खुपसली (टूथपिक नको, पोरं बघून खात नाहीत). पैलवान दोन दिवस आधी करून पंख्याखाली वाळवला, फ्रिज दाखवलाच नाही. क्रीमचा केक मात्र पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात फ्रिजमध्ये ठेवला आणि बाहेर काढल्यावर तासभर खोकं उघडलं नाही, म्हणजे दव खोक्यावर धरतं. पैलवान अगदी शेवटी उभा केला.

केक कापेपर्यंत गडी हलला नाही. मग भाच्यानं आधी त्याचं डोकंच खाल्लं.