हवा काढून कॉइल बसवताय? आधी या चुका टाळा

सकाळी हवेच्या सस्पेन्शनवरची डिस्कव्हरी ३ एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसली की पूर्वी मालक मेकॅनिकला फोन करायचा. हल्ली तो हवेच्या जागी बसवायच्या कॉइलचं, म्हणजे पोलादी स्प्रिंगचं किट मागवतो आणि मग मेकॅनिक शोधतो. जुन्या लँड रोव्हर, मर्सिडीज जीएल, ऑडी क्यू-७ सेकंडहँड बाजारात आवाक्यात आल्यापासून हा प्रकार फार वाढलाय. घेताना भाव बघतात, टायर बघतात, सीटचं लेदर हाताने चाचपून बघतात. खाली स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले चार रबरी बलून आहेत आणि त्यांचंही वय होतं, हे पहिला पावसाळा संपल्यावर कळतं.

कॉइलला माझा विरोध नाही. गाडी जुनी आहे, पार्ट महाग आहेत, गाव लांब आहे, स्कॅनरवाला (गाडीच्या कंप्युटरमधले दोष वाचणारा) जवळ नाही, तर खुशाल कॉइल टाका. पण हे काम म्हणजे "चार बोल्ट खोलायचे, चार बोल्ट लावायचे" असं जो सांगतो, त्याच्याकडे गाडी देऊ नका. त्याने बिघडवलेली गाडी पुढे माझ्यासारख्याकडेच येते, आणि बिल ऐकून शिव्याही आम्हीच खातो.

गळती न शोधताच सस्पेन्शन काढणं

लँड रोव्हरने १९९२ मध्ये रेंज रोव्हर क्लासिकच्या एलएसईवर इलेक्ट्रॉनिक हवेचं सस्पेन्शन दिलं आणि १९९४ च्या पी-३८ वर, म्हणजे पुढच्या पिढीच्या रेंज रोव्हरवरही तेच आलं. तेव्हापासून तक्रारी त्याच आहेत. बलूनच्या घडीत रबर तडकतं, हवेची वाटणी करणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमधले ओ-रिंग (रबरी कड्या) कडक होतात, कंप्रेसरच्या ड्रायरमध्ये ओल धरते. यातली निम्मी कामं साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन अर्ध्या तासात सापडतात. जोडावर फेस आला की झालं. ते न करता "सगळंच काढून टाका हो" म्हणणारे रोज भेटतात.

डिस्कव्हरी ३ ची तर आणखी गंमत आहे. डॅशवर सस्पेन्शन फॉल्ट, हिल डिसेंट (उतारावर वेग आवरणारी सोय) बंद, स्पेशल प्रोग्रॅम्स (रस्त्याप्रमाणे गाडी जुळवून घेणारी सोय) बंद अशा तिन्ही सूचना एकदम आल्या की मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. पुष्कळदा दोष ब्रेक पेडलवरच्या लाइटच्या स्विचचा असतो. पेडल दाबलंय की नाही याचा धड निरोप कंप्युटरला मिळत नाही आणि तो भीतीने सगळ्यांनाच सुट्टी देतो. अशक्त बॅटरीही हेच नाटक करते. एक गृहस्थ मागच्या सीटवर किटचा खोका घेऊन आले होते. बिल स्विचचं झालं. खोका आला तसा परत गेला, आणि त्यांचा चेहरा मात्र मी त्यांना फसवल्यासारखाच होता.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी बॅटरीचा व्होल्टेज, मग स्कॅनर, मग साबणाचं पाणी. कॉइलचा विचार त्यानंतर.

गाडी झोपलीय असं समजणं

ही चूक जिवावर बेतणारी आहे, म्हणून जरा सविस्तर.

हवेची गाडी चावी काढल्यावर गप्प बसत नाही. डिस्कव्हरी ३ चं सस्पेन्शन मॉड्यूल, म्हणजे हवेचा कारभार बघणारा कंप्युटर, गाडी उभी असतानाही अधूनमधून जागं होतं, चारही कोपऱ्यांची उंची बघतं आणि वर असलेल्या कोपऱ्याची हवा सोडून गाडी सपाट करतं. मालकाला रात्री पार्किंगमधून फुस्स असा आवाज येतो तो हाच. आता हीच गाडी तुम्ही एका कोपऱ्यात जॅकवर उचललीत. चाक खाली लोंबलं, हाइट सेन्सरचा दांडा खाली गेला, मॉड्यूलला वाटलं हा कोपरा फार वर गेलाय. मग ते आपलं काम करणारच.

आमच्या भागातल्या एका गॅरेजात नेमकं हेच झालं. ट्रॉली जॅक चेसिसखाली, चाक काढून बाजूला, स्टँड भिंतीला टेकवून ठेवलेले, कारण "दोन मिनिटांचं तर काम आहे". पोरं जेवायला गेली. मी तिथे दुसऱ्या गाडीचा बेअरिंगचा नंबर बघायला गेलो होतो. आधी फुस्स ऐकू आलं, मग बॉडी जराशी कलली, आणि जॅकची वाटी चेसिसवरून सटकली. ब्रेक डिस्क फरशीवर असा आदळला की फरशीचा टवका उडाला. सुमारे अडीच टनांची गाडी आहे ती. जेवणाची सुट्टी नसती तर त्या डिस्कखाली कुणाचा तरी हात असता. गॅरेजवाला वर मलाच म्हणाला, "जॅक खराब निघाला बघा, दादा." जॅकला काही झालं नव्हतं.

माझी पद्धत सांगतो. गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर घ्यायची, चारही चाकं लोंबू द्यायची, स्कॅनरने चारही कोपरे आणि हवेची टाकी रिकामी करायची, मगच बॅटरीची ऋण तार काढायची. टाकी विसरू नका. कोपरे रिकामे झाले तरी तिच्यात दाब कोंडलेला असतो. त्यानंतर पाइपचा जोड अर्धा आटा सैल करून थांबायचं. सिसकारी संपली की पुढे. लिफ्ट नसेल तर चेसिसखाली चार स्टँड लावल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो, हे शिकाऊ पोराला मी पहिल्या दिवशी सांगतो आणि तरी महिनाभर त्याच्या मागे लागावं लागतं.

स्प्रिंग सुटी घेऊन घरी जोडणं

डिस्कव्हरी ३ ला शॉकअप आणि कॉइल जोडलेला तयार संच घ्या. थोडे पैसे वाचवायला सुटी स्प्रिंग आणि सुटा शॉकअप घेऊन, बाजारातल्या हलक्या स्प्रिंग-कंप्रेसरने (स्प्रिंग दाबायच्या शिकंज्याने) ती दाबायला जाऊ नका. एवढ्या वजनाच्या गाडीची स्प्रिंग निसटली तर छप्पर फोडते.

बलून काढला, रिले तसाच ठेवला

पी-३८ मध्ये हे नेहमी दिसतं. पाइप कापले, कंप्रेसरची वायर मात्र जिवंत. बिचारा भरत राहतो, दाब कधी होतच नाही, शेवटी जळतो. कंप्रेसरला वीज देणारा रिले काढा, पाइपची तोंडं बंद करा.

उंचीची हाव

"आता काढतोयच तर दोन इंच वर करून टाका." हे वाक्य ऐकलं की मी चहा मागवतो, कारण पुढचा अर्धा तास समजावण्यात जाणार असतो.

हवेच्या गाडीची खरी मजा ही की ती हवी तेव्हा उंच होते. डिस्कव्हरी ३ ऑफ-रोड मोडला पुढून साधारण ५५ मिलिमीटर वर येते आणि महामार्गावर परत खाली बसते. कॉइलला एकच उंची. ती कायमची वर ठेवली की एक्सलचे सांधे कायम तिरक्या कोनात फिरणार, वळणावर गाडी झुकणार, ब्रेकचे होस ताणले जाणार. पी-३८ ला तर पुढे-मागे दोन्हीकडे पॅनहार्ड रॉड (एक्सल चेसिसला आडवा बांधणारा दांडा) आहे. गाडी वर उचलली की तो रॉड आख्खा एक्सल बाजूला ओढतो. मागून बघितलं तर एक टायर बॉडीच्या बाहेर डोकावतोय आणि दुसरा आत. लोक त्याला अपघाताची गाडी समजतात.

शिवाय डिस्कव्हरी ३ मध्ये ऑफ-रोड चालताना डाव्या-उजव्या बलूनमधली हवा आपसात जोडली जाते. एक चाक दगडावर चढलं की त्याची हवा दुसऱ्याला खाली रेटते. पोट टेकलं तर गाडी स्वतःहून आणखी वर होते. कॉइल टाकल्यावर यातलं काही उरत नाही. ताम्हिणीच्या आडवाटेला "आता गाडी आणखी दणकट झाली" म्हणून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खर्च कमी झाला, चढायची ताकद वाढलेली नाही.

स्प्रिंग निवडताना उंची विचारू नका, वजन विचारा. सात माणसं आणि छतावर सामान घेऊन कोकणात जाणार असाल तर मागची स्प्रिंग कडक लागेल, आणि एरवी एकटे ऑफिसला जाताना तीच पाठ मोडेल. हवा हा हिशेब आपोआप करायची. आता तो तुम्हाला करायचाय. काही गाड्यांत डाव्या-उजव्या स्प्रिंगही वेगळ्या असतात आणि त्यांवर रंगाच्या खुणा असतात. बसवण्याआधी त्या पुसू नका.

लटकत्या चाकावर बोल्ट आवळणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, कारण ती दिसत नाही.

चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या सांध्यात बुश असतो, त्यात रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाक लोंबतंय, अशा वेळी बोल्ट पूर्ण आवळला की बुशला वाटतं हीच आपली नेहमीची जागा. गाडी खाली उतरली की रबर पिळलेलंच राहतं, आणि त्याच पिळलेल्या अवस्थेत प्रत्येक खड्डा खातं. दोन-चार महिन्यांत ते फाटतं. मालक येऊन सांगतो, "कॉइल टाकल्यापासून खटखट येते, स्प्रिंग भिकार निघाली." स्प्रिंग व्यवस्थित असते. आर्म टॉमीने (छोट्या पहारीने) हलवून दाखवला आणि फाटलेल्या रबराची चीर उघडमिट झाली की मग गप्प होतो.

त्यातून डिस्कव्हरी ३ चे खालच्या आर्मचे अॅडजस्टिंग बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेतल्या गाड्यांचे तर हमखास. घाईतला माणूस ते सोडवतच नाही, आर्म तसाच ओढून शॉकअप बसवतो. मग अलाइनमेंटवाला हात वर करतो, कारण बोल्ट फिरतच नाही. मी आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो आणि मालकाला आधीच सांगतो की बोल्ट कापावे लागले तर आर्म आणि बुशचे पैसे वेगळे. ज्याला हे ऐकून घासाघीस करायचीय त्याने दुसरीकडे जावं.

बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे-मागे ढकलून स्प्रिंगला तिची जागा घेऊ द्यायची, मगच टॉर्क पान्याने शेवटचं आवळायचं. गॅरेजातल्या खड्ड्यावर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर हे सहज जमतं. काम सुरू करण्याआधी गाडी नॉर्मल उंचीवर असताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही बाजूंनी घेऊन ठेवतो, मास्किंग टेपवर लिहून त्याच मडगार्डला चिकटवतो. नवीन स्प्रिंग नीट बसली का, हे नंतर अंदाजाने सांगायची वेळ येत नाही. थोडी चालवल्यावर स्प्रिंग आणखी किंचित बसते, तेव्हा अलाइनमेंट पुन्हा बघायची.

दिवा विझवला म्हणजे काम झालं

सस्पेन्शन मॉड्यूलचा फ्यूज उपटणं हा आपल्याकडचा लाडका शॉर्टकट. डिस्कव्हरी ३ मध्ये ते मॉड्यूल बाकीच्या कंप्युटरांशी बोलत असतं. ते गप्प झालं की हिल डिसेंट आणि स्पेशल प्रोग्रॅम्स जातात आणि डॅश दर स्टार्टला ओरडतो. किटसोबत येणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावा, किंवा जाणत्या माणसाकडून कंप्युटरला नवी सेटिंग शिकवून घ्या. डिस्कव्हरी २ मध्ये फक्त मागे हवा असते आणि तिचा कारभार एबीएसच्याच कंप्युटरकडे आहे. तिथे स्कॅनरने सेटिंग बदलणं हाच सरळ रस्ता. बल्ब काढणारे, दिव्यावर काळी टेप लावणारे मी पाहिलेत. त्यांच्या हातची गाडी मी विकत घेणार नाही.

हाइट सेन्सर काढून फेकू नका. झेनॉन दिव्यांची उंची पुष्कळ गाड्यांत त्यांच्यावरूनच ठरते, आणि ते गेले की समोरच्याचे डोळे दिपतात.

कागद आणि भंगार

नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल अशा बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगी देत नाही. कॉइल टाकण्याआधी आरटीओच्या जाणकाराला विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने खाली वाकून बघितल्यावर सुचून उपयोग नाही.

काढलेले चालू बलून, व्हॉल्व्ह ब्लॉक, कंप्रेसर भंगारात किलोवर देऊ नका. पाइपचे जोड टेपने बंद करून, कुठला कोपरा ते लिहून खोक्यात ठेवा. पुढचा गिऱ्हाईक मूळ सस्पेन्शन मागू शकतो, आणि चालू स्थितीतल्या कंप्रेसरला कुर्ल्याच्या बाजारातही कुणी भंगाराच्या भावात हात लावू देत नाही.