शीर्षकांना हेडिंग स्टाइल लावताना या चुका टाळा

पन्नास पानांचा अहवाल लिहून झाला, रेफरन्सेस टॅबमधून अनुक्रमणिका घातली, आणि वर्ड म्हणतं की नोंदीच सापडल्या नाहीत. शीर्षकं तर पानोपानी ठळक दिसताहेत, मग अडलं कुठे? बहुतेक वेळा अक्षरं बोल्ड करून साइज १६ केलेली असते, एवढंच. डोळ्यांना ते शीर्षक वाटतं, पण वर्डच्या लेखी तो साधा ‘नॉर्मल’ परिच्छेदच असतो. अनुक्रमणिका, आपोआप पडणारे क्रमांक, पीडीएफचे बुकमार्क, दृष्टिहीन वाचकांचा स्क्रीन रीडर हे सगळे अक्षरांचा आकार पाहत नाहीत, परिच्छेदाला कोणती स्टाइल (फॉन्ट, साइज, अंतर यांचा नाव दिलेला संच) आहे ते पाहतात.

म्हणून आधी तपासणी. वर्डमध्ये कंट्रोल + एफ दाबा आणि डावीकडच्या नेव्हिगेशन पेनमध्ये ‘हेडिंग्ज’ निवडा. लिबरऑफिस रायटरमध्ये एफ५ दाबलं की नेव्हिगेटर उघडतो. तिथे जे शीर्षक दिसत नाही, त्याला स्टाइल नाही असं समजा. अपवाद एकच : तक्त्यातली किंवा टेक्स्ट बॉक्समधली शीर्षकं वर्डच्या या पेनमध्ये येतच नाहीत. शोभेसाठी प्रकरणाचं नाव चौकटीत टाकायचा मोह होतो, तो टाळा. शीर्षक मुख्य मजकुरातच ठेवा आणि चौकट हवी असेल तर स्टाइललाच बॉर्डर द्या.

स्टाइल लावायला ओळ सिलेक्ट करावी लागत नाही, कर्सर त्या ओळीत असला की पुरे. वर्ड आणि गूगल डॉक्समध्ये कंट्रोल + ऑल्ट + १ म्हणजे हेडिंग १, तसंच पुढे २ आणि ३. लिबरऑफिसमध्ये नुसतं कंट्रोल + १. जुन्या फाइलमध्ये हाताने ठळक केलेली चाळीस शीर्षकं असतील, तर वर्डमध्ये त्यांतल्या एकावर कर्सर ठेवा. मग होम टॅबच्या उजव्या टोकाला सिलेक्ट, त्यात ‘सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग’. तशीच दिसणारी सगळी शीर्षकं एकदम निवडली जातात आणि एका शॉर्टकटमध्ये काम होतं. त्याआधी फाइलवरून एक नजर मात्र फिरवा, कारण चित्रांखालच्या तशाच दिसणाऱ्या ओळीही निवडीत आलेल्या असू शकतात.

स्टाइल लावली, पण देवनागरी जागची हलत नाही

मराठीत लिहिणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारी अडचण ही, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये ती क्वचितच सापडते. हेडिंग १ मध्ये साइज १८ आणि बोल्ड ठरवलं, तरी ‘प्रकरण’ हा शब्द बारीकच राहतो. त्याच ओळीत रोमन लिपीतला शब्द असेल तर तो मात्र मोठा होतो. कारण वर्ड प्रत्येक स्टाइलमध्ये फॉन्टचे दोन संच वेगळे ठेवतं : एक लॅटिन लिपीसाठी, दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी. देवनागरी दुसऱ्यात मोडते.

होम टॅबवरच्या स्टाइल्स गॅलरीत हेडिंग १ वर राइट क्लिक करा, मॉडिफाय, मग खाली डावीकडे फॉरमॅट आणि त्यात फॉन्ट. ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या रकान्यात फॉन्टचं नाव, बोल्ड आणि साइज तिन्ही स्वतंत्र भरा. हा रकानाच दिसत नसेल तर फाइल, ऑप्शन्स, लँग्वेज इथे जाऊन लेखनाच्या भाषांमध्ये मराठी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. लिबरऑफिसमध्येही असाच वेगळा रकाना असतो. तो दिसण्यासाठी भाषेच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू असावं लागतं.

अनुक्रमणिकेची अक्षरं वेगळी दिसत असतील तर हाच उपाय ‘टीओसी १’, ‘टीओसी २’ या अनुक्रमणिकेच्या स्टाइल्सवर करा. अनुक्रमणिका हाताने सजवली तर एफ९ दाबून पूर्ण तक्ता अपडेट करताच ती मेहनत पुसली जाते. आणि नेव्हिगेशन पेनमध्ये मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला, तर मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत) नाही, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालाय. तिथे स्टाइल बदलून काहीच साधणार नाही, आधी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागेल.

एकच शीर्षक वेगळं वागतं

स्टाइलचा रंग बदलला, सगळी शीर्षकं बदलली, दोन-तीन मात्र तशीच राहिली. त्यांच्यावर कोणीतरी नंतर हाताने रंग किंवा साइज दिलेली असते आणि हाताने दिलेलं स्टाइलपेक्षा वरचढ ठरतं. ते शीर्षक सिलेक्ट करून कंट्रोल + स्पेस दाबा, अक्षरांवरचे हातचे बदल जातील. कंट्रोल + क्यू ने परिच्छेदाचं अंतर आणि अलाइनमेंट स्टाइलप्रमाणे होतं. लिबरऑफिसमध्ये कंट्रोल + एम. शीर्षकात एखादा शब्द मुद्दाम तिरका केला असेल तर तोही सरळ होईल, तेवढा पुन्हा करून घ्या.

याउलट, एक शीर्षक बदललं की सगळीच बदलत असतील तर मॉडिफायमध्ये ‘ऑटोमॅटिकली अपडेट’वर खूण असते. ती काढा. बदल सगळीकडे हवाच असेल तर एक शीर्षक मनासारखं करा, गॅलरीत त्या स्टाइलवर राइट क्लिक करा आणि ‘अपडेट टू मॅच सिलेक्शन’ निवडा.

अख्खा परिच्छेद अनुक्रमणिकेत शिरला असेल, तर त्यालाही हेडिंग लागलंय. त्यात कर्सर ठेवून कंट्रोल + शिफ्ट + एन दाबा आणि अनुक्रमणिका अपडेट करा. शीर्षक तिथे मधेच तुटून दोन ओळींत दिसत असेल, तर शिफ्ट + एंटरने घातलेली ओळतोड काढा.

पातळ्या, अंतर आणि क्रमांक

हेडिंग २ मोठं दिसतं म्हणून थेट हेडिंग ३ वापरणं ही चुकीची सवय. स्क्रीन रीडर वापरणारा वाचक पातळीवरूनच रचना समजून घेतो. मधली पातळी गायब झाली की काहीतरी सुटलं असं त्याला वाटतं. आकार आवडत नसेल तर स्टाइलमध्ये बदला. दस्तऐवजाच्या नावाला ‘टायटल’ स्टाइल द्या, म्हणजे हेडिंग १ प्रकरणांसाठी मोकळं राहतं.

शीर्षकाच्या वर दोनदा एंटर मारून जागा सोडू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये बिफोर १८ आणि आफ्टर ६ पॉइंट ठेवून पाहा. शीर्षक पानाच्या तळाशी एकटं उरत असेल तर ‘कीप विथ नेक्स्ट’ सुरू करा. प्रकरण नव्या पानावर हवं असेल तर हेडिंग १ मध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’.

क्रमांक हाताने टाइप केले, तर मधलं एक प्रकरण काढताच पुढचे सगळे चुकतात. होम टॅबमधल्या मल्टिलेव्हल लिस्टमध्ये ज्या नमुन्यात ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ ही नावं लिहिलेली असतात, तोच निवडा. क्रमांक आहे पण मजकूर नाही अशी ओळ दिसली, तर तिथे रिकाम्या परिच्छेदाला हेडिंग लागलंय, तो परिच्छेदच काढून टाका.

शेवटी पीडीएफ करताना प्रिंटचा मार्ग घेऊ नका, त्यात शीर्षकांची रचना हरवते. ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समध्ये हेडिंगवरून बुकमार्क तयार करण्याच्या पर्यायावर खूण करा.