थंडीत जुनी ऑटोमॅटिक गाडी काढताना

परभणीत डिसेंबरात पारा ५-६ अंशांवर आला की माझी जुनी ऑटोमॅटिक 'डी'त (म्हणजे ड्राइव्ह, पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकल्यावर क्षणभर थबकते. गिअरबॉक्सचं तेल गारठून घट्ट झालेलं असतं, त्यामुळे गिअर धरायला लागणारा तेलाचा दाब उशिरा तयार होतो. अशा वेळी रेस देऊन 'डी' टाकू नका, माझं कळकळीचं सांगणं आहे; आतल्या क्लचप्लेटा त्यानंच झिजतात. मिनिटभर इंजिन चालू ठेवा, ब्रेक दाबून 'डी' टाका, गाडीनं गिअर धरल्याचं जाणवेपर्यंत थांबा. मग जिंतूर रोडला लागेपर्यंत पाय हलकाच. गिअर उशिरा बदलतील, बदलू द्या. तापल्यावरही गिअर घसरत असेल (इंजिन जोरात फिरतं, पण गाडी तशी ओढत नाही) तर मात्र तेल बघाच. बहुतेक गाड्यांत ते लालसर असतं. काळपट, जळकट वासाचं निघालं तर मेकॅनिक गाठा.